जिथे रांग, तिथे चव!

बालमित्रांनो, आधी एका प्रश्नाचं उत्तर द्या. तुमच्या गावात सगळ्यात झकास वडापाव कुठे मिळतो?

बघा, लगेच हात वर झाले! कुणी म्हणेल, एस.टी. स्टँडसमोरच्या काकांच्या गाडीवर. कुणी म्हणेल, शाळेमागच्या गल्लीतल्या मावशींकडे. पण एक गंमत लक्षात आली का? गार हवा, चकचकीत टेबलं आणि मोठ्ठी पाटी असलेल्या हॉटेलचं नाव कुणीच घेतलं नाही!

हाच प्रश्न मी गेल्या दिवाळीच्या सुट्टीत फार दूरच्या एका शहरात विचारला. त्या शहराचं नाव तैपेई. नकाशा उघडा बरं! चीनच्या किनाऱ्यासमोर समुद्रात एक लांबट पानासारखं बेट दिसेल. ते तैवान. आकाराने आपल्या केरळपेक्षाही थोडं लहान. त्याच्या उत्तर टोकाला तैपेई हे राजधानीचं शहर आहे. तिथली घड्याळं आपल्यापेक्षा अडीच तास पुढे असतात.

माझा धाकटा भाऊ तिथे नोकरी करतो. तो सगळं खातो, मी मात्र शाकाहारी. निघताना मी बॅगेत चिवडा, दशम्या, मेतकूट असं काय काय भरलं. न जाणो, उपाशी राहायची वेळ आली तर! भाऊ फोनवर हसायलाच लागला. म्हणाला, "ताई, चिवडा माझ्यासाठी आण. तुझ्यासाठी फक्त चांगल्या चपला आण. इथे चांगलं खायचं तर खूप चालावं लागतं आणि रांगेत उभं राहावं लागतं."

चला तर, तुम्हीही माझ्याबरोबर चपला घाला!

सकाळ : जिन्यावरची रांग

पहिल्याच दिवशी भावाने मला भल्या पहाटे उठवलं. शांदाओ मंदिर नावाच्या मेट्रो स्टेशनसमोर ह्वाशान बाजाराची इमारत आहे. तिच्या वरच्या मजल्यावर 'फूहांग' नावाचं न्याहारीचं दुकान आहे. ते सकाळी साडेपाचला उघडतं. रांग कुठपर्यंत होती सांगू? दुकानातून जिन्यावर, जिन्यावरून खाली आणि तिथून थेट रस्त्यावर!

एवढं काय मिळतं तिथे? सोयाबीनचं गरमागरम दूध. सोयाबीन भिजवायचं, वाटायचं, गाळायचं आणि उकळायचं. गोड दूध हवं असेल तर त्यात साखर. खारं हवं असेल तर वाडग्यात थोडं व्हिनेगर असतं. लिंबू पिळलं की आपलं दूध कसं फाटतं? तसंच हे सोयाचं दूध फाटून दाटसर होतं. खाऱ्या दुधात सुकी कोळंबी घालतात, म्हणून मी गोड घेतलं. सोबत 'योउत्याओ', म्हणजे मैद्याची हातभर लांब, तळलेली, आतून पोकळ कांडी. ती दुधात बुडवायची आणि मऊ पडायच्या आत तोंडात टाकायची. मला तर चहा-खारीचीच आठवण झाली!

पण हा पदार्थ मूळ तैवानचा नाही बरं का! चीनमध्ये मोठं यादवी युद्ध झालं. १९४९ साली तिथलं हरलेलं सरकार समुद्र ओलांडून तैवानला आलं. त्याच्याबरोबर दहा लाखांहून जास्त माणसं आली. त्यांत सैनिक होते, मास्तर होते, कारकून होते. घर, शेत, अंगण सगळं मागे राहिलं. येताना सोबत आणता आली ती फक्त जिभेवरची चव. त्यातल्याच कुणी कुणी पोटासाठी न्याहारीची दुकानं टाकली, आणि बघता बघता सगळ्या बेटाला ती चव आवडली.

तैपेईतला सगळ्यात नावाजलेला पदार्थ आहे बैलाच्या मांसाचा रस्सा घातलेले शेवयांसारखे नूडल्स. त्याची गोष्टही अशीच आहे. तैवानमधल्या जुन्या शेतकरी घरांत बैलाचं मांस खात नसत. जो शेतात आपल्यासाठी राबतो, त्याला कसं खायचं? पोळ्याला बैल सजवणाऱ्या आपल्याला हे काही वेगळं सांगायला नको. पण समुद्रापलीकडून आलेल्या सैनिकांच्या गावाकडे ते खात. त्यांना घरच्या झणझणीत मिरचीची आठवण आली आणि हा रस्सा शिजू लागला, असं सांगतात. आज योंगकांग रस्त्याच्या परिसरात तो खायला रांगा लागतात. घरची आठवण आली की माणूस आधी चूल पेटवतो, हेच खरं.

दुपार : ओळखीची खूण

दुपारी भर गर्दीत मी एकदम थबकले. एका खानावळीच्या पाटीवर चक्क आपलं स्वस्तिक! नीट पाहिलं तर त्याचे हात उलट्या बाजूला वळलेले होते. ही बौद्ध धर्मातली शुभखूण. तैवानमध्ये अशी खूण दिसली की समजायचं, इथे शाकाहारी जेवण मिळतं. शेजारी 'सू' नावाचं चिनी अक्षर असतं. त्याचाही अर्थ तोच. बौद्ध परंपरा पाळणारे अनेक जण तिथे मांस-मासे खात नाहीत, आणि त्यातले पुष्कळ जण कांदा-लसूणही वर्ज्य मानतात. चातुर्मासातली आपली आजीच म्हणा ना! मी ते 'सू' अक्षर वहीत काढून घेतलं आणि माझी उपासमारीची भीती पळाली.

मग आम्ही 'तैपेई १०१' या ५०८ मीटर उंच इमारतीच्या तळघरात गेलो. तिथे 'दिन ताई फंग'ची शाखा आहे. हे दुकान १९५८ साली सुरू झालं ते गोडेतेल विकायला! पुढे तेलाचा धंदा मंदावला, तेव्हा १९७२च्या सुमारास मालकांनी वाफवलेल्या पुरचुंड्या विकायला सुरुवात केली. आज त्यांच्या शाखा देशोदेशी आहेत.

काचेपलीकडे स्वयंपाकघर दिसतं. पांढरे कपडे घातलेले दादालोक एकेक गोळा वजन करून घेतात, लाटी लाटतात, सारण भरतात आणि चुण्या घालतात. एका पुरचुंडीला चुण्या किती? बरोबर १८! आपल्या उकडीच्या मोदकाला आई मुखऱ्या घालते ना, तीच कला. मांसाच्या सारणाच्या पुरचुंडीत चक्क सूप असतं. बंद पुरचुंडीत सूप कसं शिरलं, ओळखा पाहू! अहो, ते आधी थंड करून जेलीसारखं गोठवतात आणि सारणात मिसळतात. वाफ लागली की आतल्या आत वितळतं. मी भाजी आणि अळंबीचं सारण घेतलं. त्यात सूप नव्हतं!

संध्याकाळ : खुर्ची नाही, तरी गर्दी

शीमेनडिंग हा तरुण मुलामुलींनी गजबजलेला भाग. तिथे १९७५ पासूनचं 'आ-चुंग' नावाचं दुकान आहे. तिथे काय मिळतं, असं विचारायचंच नाही. एकच पदार्थ! बारीक शेवयांचा दाट रस्सा, त्यात डुकराच्या आतड्याचे तुकडे. वाडगा घ्यायचा आणि रस्त्यावरच उभं राहून चमच्याने खायचा. भाऊ खात होता, मी बघत होते. साहेब, कॉलेजकुमार, आजीबाई, सगळे एका रांगेत उभे राहून फुंकर मारत होते.

तेव्हा मला तैपेईचं गुपित कळलं. इथे एक दुकान बहुतेक वेळा एकच पदार्थ करतं. रोज करतं. वर्षानुवर्षं करतं. रोज दहा गणितं सोडवणाऱ्याचा हात जसा बसतो, तसा त्यांचा हात बसतो.

रात्र : देवळापुढचा बाजार

अंधार पडला की तैपेईतले रात्रबाजार जागे होतात. निंग्शियाच्या बाजारात एका गाडीपुढे भली मोठी रांग. तिथे तळत होते अळकुड्यांचे गोड गोळे. आपण अळूच्या पानांच्या वड्या करतो, ते त्याच जातीचे कंद उकडून, कुस्करून, तळून खातात.

राओहेचा रात्रबाजार सुमारे सहाशे मीटर लांब आहे. त्याच्या तोंडाशी समुद्रदेवी मात्सूचं जुनं, दिव्यांनी झगमगणारं मंदिर आहे. कोळी लोकांना सांभाळणारी ही देवी. देवळापाशी माणसं जमतात आणि माणसं जमली की खाऊची दुकानं लागतात. आपल्या जत्रेचंही तेच, नाही का?

कमानीतून शिरताच मिरीचा खमंग वास आला. 'हूज्याओ बिंग' म्हणजे मिरी आणि मांसाचं सारण भरलेली, तीळ लावलेली भाकरीसारखी जाड पोळी. ती तंदूरसारख्या भट्टीत, आतल्या भिंतीला चिकटवून भाजतात.

पुढे तर मी लहान मुलीसारखी टाळीच वाजवली. एका फळीवर शेंगदाण्याच्या चिक्कीची वीटभर मोठी लादी होती आणि एक काकू तिच्यावर चक्क सुताराचा रंधा फिरवत होत्या! चिक्कीचा भुगा पातळ पोळीवर पसरला, वर आइस्क्रीमचे गोळे ठेवले, त्यावर कोथिंबीर पेरली आणि गुंडाळी करून माझ्या हातात दिली. आइस्क्रीमवर कोथिंबीर! तुम्ही नाक मुरडलंत ना? खाऊन बघा, मग बोला.

आणि दुधाच्या चहातले ते काळे टपोरे मणी? तोही तैवानचाच शोध, १९८०च्या दशकातला. कुणाचा, यावरून दोन चहावाल्यांत कोर्टकचेरीसुद्धा झाली! ते मणी टॅपिओकाच्या कंदाच्या पिठाचे असतात. म्हणजे आपल्या साबुदाण्याचे सख्खे भाऊच.

एक गोष्ट मात्र माझी

मुलांनो, आता एक गोष्ट सांगते. ती सांगायला मला थोडं अवघड वाटतं आहे.

बाजारात पुढे गेल्यावर एकदम भयंकर वास आला. तुंबलेल्या गटारासारखा! मी ओढणी नाकाला लावली आणि मोठ्याने "ईऽऽ" म्हणाले. समोरच्या गाडीवर एक आजी होत्या. त्यांना मराठी कुठलं कळायला? पण नाकावरची ओढणी सगळ्या भाषांत कळते. त्यांनी मान खाली घातली आणि कढईतले तुकडे हलवत राहिल्या.

ती खाली गेलेली मान मी आधी कुठेतरी पाहिली होती.

माझ्या वर्गात एक मुलगा आहे. एकदा त्याच्या डब्यात सुकट आणि भाकरी होती. बाकीची मुलं ओरडली, "बाई, वास येतोय!" आणि मी काय केलं? मुलांना गप्प करायचं सोडून त्यालाच म्हणाले, "उद्यापासून पोळी-भाजी आणत जा." त्याने अशीच मान खाली घातली होती. त्यानंतर तो खिडकीशी एकटा बसून, झाकण अर्धं लावून डबा खायचा. आणि मला ते दिसूनही दिसलं नव्हतं.

मी ओढणी काढली. गाडीच्या पाटीवर वहीतलं 'सू' अक्षर शोधलं. होतं! तो होता 'वासाचा टोफू'. टोफू म्हणजे सोयाच्या दुधाचं पनीर. ते आंबवलेल्या खारवणीत मुरवतात आणि मग कुरकुरीत तळतात. सोबत कोबीचं आंबटगोड लोणचं. आपलं इडलीचं पीठ आंबतं तसंच हेही आंबवणंच, फक्त जास्त दांडगं!

पहिला घास भीतभीत घेतला. बाहेरून कुरकुरीत, आतून मऊ. आणि गंमत म्हणजे तोंडात गेल्यावर तो वास जाणवेनासाच झाला. मी दुसरा तुकडा उचलला तेव्हा आजी हसल्या आणि त्यांनी माझ्या वाटीत आणखी लोणचं वाढलं.

सुट्टी संपून शाळा भरली. मी सगळ्या वर्गाला तैपेईची गोष्ट सांगितली आणि सगळ्यांसमोर त्या मुलाला म्हणाले, "त्या दिवशी तुझ्या डब्याबद्दल बाई चुकल्या." तो काहीच बोलला नाही. थोड्या वेळाने हात वर करून म्हणाला, "बाई, त्या टोफूचा वास सुकटीपेक्षा जास्त होता?"

"दसपट!" मी म्हणाले.

सगळा वर्ग हसला. तोही हसला. चार दिवसांनी त्याच्या डब्यात पुन्हा सुकट होती आणि झाकण पूर्ण उघडं होतं.

तैपेईला जाल तेव्हा

• मेट्रोत काही खाऊ-पिऊ नका, च्युइंगमसुद्धा नाही! दीड हजार ते साडेसात हजार तैवानी डॉलर दंड होतो.

• शाकाहारी असाल तर 'सू' हे अक्षर वहीत काढून जवळ ठेवा.

• एका जागी पोट भरू नका. थोडं खा, चाला, पुन्हा थोडं खा.

• कुठे खावं कळत नसेल, तर तिथल्या लोकांची रांग शोधा.

आणि तैपेई लांब आहे म्हणून हिरमुसू नका. या रविवारी तुमच्याच गावात एकच पदार्थ वर्षानुवर्षं करणारं माणूस शोधा. तो पदार्थ कुणाकडून शिकलात, असं त्यांना विचारा आणि ती गोष्ट वहीत लिहा. हाच तुमचा गृहपाठ! आणि हो, मधल्या सुट्टीत शेजारच्या डब्यातून अनोळखी वास आला तर नाकाला हात लावायच्या आधी एवढंच विचारा, "मला एक घास देतोस?"