भूत उतरते, भाजल्याचा डाग राहतो

बोळिंजच्या एका सोसायटीतला नऊ वर्षांचा मुलगा नोव्हेंबरच्या पहिल्या सकाळी आईबरोबर आमच्या बाह्यरुग्ण विभागात आला. गालावर रुपयाएवढा भाजल्याचा डाग होता. "डॉक्टर, आगीजवळ गेलाच नाही हो हा," आई म्हणाली. आदल्या रात्री सोसायटीत हॅलोविन होते आणि तो झोंबी झाला होता. सडलेली कातडी दिसावी म्हणून मोठ्या दादाने कापूस झटपट चिकटणाऱ्या गोंदाने गालावर लावला होता.

भाजण्याचे कारण तेच. या गोंदात सायनोअॅक्रिलेट असते. कापूस, टिश्यू पेपर किंवा सुती कापड यांना लागताच तो भराभर घट्ट होतो आणि त्यात इतकी उष्णता निर्माण होते की त्वचा भाजते.

'झोंबिवली' हा मराठी चित्रपट 2022 मध्ये आला. झोंबी आता आपल्या मुलांना परका नाही. शाळेच्या स्नेहसंमेलनातही तो दिसतो. हौस जरूर करावी, पण सामान निवडताना सावध राहावे.

खोट्या रक्तासाठी देवघरातला शेंदूर मुळीच वापरू नका. पारंपरिक शेंदूर म्हणजे शिशाचे संयुग. ओठांवरून ते पोटात जाते आणि लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीला बाधा आणते. हिंगुळात पारा असतो. केस काळे करण्याचा डाय आणि 'काळी मेंदी' यांतल्या पीपीडी या रसायनाने काहींना फोड येतात, चेहरा सुजतो. भिंतीचा रंग, पोस्टर कलर, मार्कर हे त्वचेसाठी बनवलेलेच नाहीत.

मग स्वस्तात काय करावे? चमचाभर पेट्रोलियम जेलीत मळता येईल इतके कॉर्नफ्लोअर घाला. या गोळ्याची जखम गालावर छान बसते. थोडी कोको पावडर मिसळली की ती जुनी, खपली धरलेली दिसते. रक्तासाठी साखरेचा घट्ट पाक, खाण्याचा लाल रंग आणि चिमूटभर कोको. पाकाचे थेंब डोळ्यांपासून दूर ठेवा. खोल गेलेल्या डोळ्यांसाठी डोळ्यांखाली काजळ बोटाने पसरवा. मात्र एकच काजळ आणि एकच स्पंज दहा मुलांना फिरवू नका, डोळे येण्याची साथ अशीच पसरते.

प्रत्येक वस्तू आदल्या दिवशी कोपराच्या आतल्या बाजूला थोडीशी लावून पाहा. चोवीस तासांत खाज किंवा लाली आली, तर ती चेहऱ्याला लावू नका. कापलेल्या किंवा पुरळ असलेल्या त्वचेवर काहीच नको. रंग काढताना घासू नका. आधी खोबरेल तेल लावून पुसा, मग सौम्य साबणाने धुवा.

गोंदाने भाजलेच, तर वीस मिनिटे वाहते साधे पाणी सोडा. टूथपेस्ट, हळद लावू नका. चिकटलेला कापूस ओढून काढू नका. डोळ्यात रंग गेला तर पंधरा मिनिटे पाण्याने धुवा. पापण्या गोंदाने चिकटल्या तर त्या उघडायचा प्रयत्न न करता थेट रुग्णालय गाठा.

त्या मुलाची जखम दोन आठवड्यांत भरली, फिकट डाग तेवढा उरला. शेवटच्या तपासणीला आला तेव्हा त्याने हळूच विचारले, "पुढच्या वर्षी झोंबी होऊ का?"

"हो की," मी म्हटले, "पण सामान स्वयंपाकघरातले."