शनिवारची संध्याकाळ इंग्लंडच्या नावावर का?

शनिवारी संध्याकाळी साडेसात वाजले की आमच्या मेसमध्ये भाजीबद्दल कुणीच तक्रार करत नाही. मोबाइल पाण्याच्या जगला टेकवलेला असतो आणि पोळीचा घास हातातच राहतो. आर्सेनलवाले एका टेबलावर, युनायटेडवाले दुसऱ्या. मध्ये बसणारे लिव्हरपूलवाले दोघांनाही चिडवतात. यातल्या एकानेही लंडन किंवा मँचेस्टर पाहिलेलं नाही. तरी ‘आपण हरलो’ म्हणताना आवाज खरंच पडलेला असतो.

आता त्याच टेबलावर विचारून बघा, गेल्या आठवड्यात जर्मनीत कोण जिंकलं? इटलीत टॉपला कोण आहे? दोन-चार जणांना सांगता येईल. आपल्या आयएसएलबद्दल विचारलंत तर सगळे एकमेकांकडे बघतील. फुटबॉल तर सगळीकडे तोच आहे, अकरा विरुद्ध अकरा, नव्वद मिनिटं. मग एकाच देशाची लीग जगभर का पोहोचते?

‘तिथलं फुटबॉल भारी असतं म्हणून,’ हे ठरलेलं उत्तर. ते पूर्ण खरं नाही. २०१४ ते २०१८ अशी सलग पाच वर्षं चॅम्पियन्स लीग स्पेनच्या क्लबांनी जिंकली. चार वेळा रेआल माद्रिद, एकदा बार्सिलोना. मेस्सी आणि रोनाल्डो दोघंही तेव्हा स्पेनमध्येच खेळत होते. तरी त्या काळात परदेशी टीव्ही हक्कांचा सगळ्यात जास्त पैसा इंग्लंडलाच मिळत होता. बरं, स्टेडियममधल्या गर्दीचं म्हणाल, तर सरासरी प्रेक्षकसंख्येत जर्मनीची बुंदेसलिगा इंग्लंडच्याही पुढे असते. म्हणजे नुसता चांगला खेळ नाही, नुसती गर्दी पण नाही. कारण आणखी काहीतरी आहे.

राजा आधी इटली होता

आपल्या काकालोकांना विचारा, ते मॅराडोना, व्हॅन बास्टन अशी नावं घेतील. ही सगळी मंडळी इटलीत खेळायची. १९८० च्या दशकात आणि नव्वदीतही बराच काळ जगातली सगळ्यात मानाची लीग म्हणजे इटलीची सेरी आ.

इंग्लंडची अवस्था तेव्हा वाईट होती. १९८५ मध्ये ब्रसेल्सच्या हेसेल स्टेडियममध्ये लिव्हरपूलच्या प्रेक्षकांच्या हुल्लडबाजीनंतर ३९ माणसं गेली आणि इंग्लिश क्लबांना युरोपातल्या स्पर्धांमधून पाच वर्षं बाहेर ठेवलं गेलं. १९८९ मध्ये हिल्सबरोच्या चेंगराचेंगरीत बळी पडलेल्यांचा आकडा पुढे ९७ वर गेला. त्यानंतरच्या चौकशी अहवालामुळे मोठ्या स्टेडियममध्ये प्रत्येकाला बसायला खुर्ची देणं भाग पडलं. जुनी स्टेडियम्स बदलायची तर पैसा हवा. १९९२ मध्ये वरच्या श्रेणीतले २२ क्लब जुन्या फुटबॉल लीगमधून बाहेर पडले, ‘प्रीमियर लीग’ काढली आणि पाच वर्षांसाठी ३० कोटी ४० लाख पौंडांचा टीव्ही करार केला.

गंमत म्हणजे त्याच वर्षी ब्रिटनमध्ये चॅनल फोरवर इटलीचे सामने लाइव्ह दिसायला लागले. इंग्लंडचा लाडका पॉल गॅस्कॉइन लाझिओला गेला होता ना! म्हणजे प्रीमियर लीग जन्माला आली तेव्हा खुद्द इंग्रज माणूस रविवारी दुपारी इटलीची लीग बघत होता.

मग इटली मागे का पडली? बहुतेक स्टेडियम्स नगरपालिकांच्या मालकीची आणि जुनाट, त्यामुळे क्लबांना त्यातून कमाई वाढवता येईना. त्यात २००६ मध्ये रेफरी-नेमणुकांचा घोटाळा बाहेर आला आणि ज्युव्हेंटससारख्या क्लबला खालच्या श्रेणीत टाकलं गेलं. लीगवरचा विश्वास उडाला की प्रेक्षक भांडत बसत नाही, चॅनल बदलतो.

पैसा किती, यापेक्षा वाटला कसा

प्रीमियर लीगची खरी चलाखी वाटणीत आहे. देशातल्या टीव्ही हक्कांचा निम्मा पैसा सगळ्या क्लबांत सारखा वाटायचा, उरलेला क्रमवारीवर आणि किती सामने टीव्हीवर दाखवले त्यावर. परदेशातून येणारा पैसा तर २०१९ पर्यंत सगळ्यांना अगदी समान मिळायचा. २०२३-२४ मध्ये शेवटच्या नंबरवर आलेल्या क्लबलाही दहा कोटी पौंडांहून जास्त मिळाले. त्यामुळे तळातला संघसुद्धा ब्राझील, जपान, सेनेगलचे चांगले खेळाडू आणू शकतो आणि एखाद्या शनिवारी मोठ्या क्लबला घाम फोडू शकतो.

स्पेनमध्ये २०१५ च्या कायद्यापर्यंत प्रत्येक क्लब आपापले हक्क वेगळे विकायचा. साहजिकच मलई दोघांच्या ताटात आणि बाकीच्यांना उरलंसुरलं. एल क्लासिको अख्खं जग बघायचं, पण वर्षाला क्लासिको किती? लीगमध्ये दोनच. उरलेल्या ३७८ सामन्यांचं काय?

जर्मनीत बायर्न म्युनिकने २०१३ ते २०२३ अशी सलग ११ विजेतेपदं घेतली. याउलट २०१२ ते २०१६ या पाच वर्षांत इंग्लंडमध्ये चार वेगवेगळे विजेते झाले. त्यातलं लेस्टर सिटी जिंकेल यावर हंगामाच्या सुरुवातीला पाच हजारास एक असा भाव होता. पुढे मँचेस्टर सिटीने सलग चार वर्षं लीग जिंकून ही मजा बरीच कमी केली, हेही खरं. पण तोपर्यंत आपल्याला सवय लागून गेली होती.

घड्याळ आणि भाषा

आपल्यासाठी सगळ्यात मोठं कारण एकदम साधं आहे. इंग्लंडमध्ये शनिवारी दुपारी तीनला सुरू होणारा सामना आपल्याकडे साडेसातला किंवा हिवाळ्यात साडेआठला दिसतो. मेसच्या वेळेत! आणि ऐका, हे दुपारी तीनचे सामने खुद्द ब्रिटनमध्ये टीव्हीवर लाइव्ह दाखवतच नाहीत. लोकांनी जवळच्या मैदानावर जावं, छोटे क्लब जगावेत म्हणून तो जुना नियम आहे. मँचेस्टरमधल्या माणसाला घरबसल्या न दिसणारी मॅच आपण पुण्यात पोळी खात बघतो.

स्पेनचे मोठे सामने मात्र आपल्याकडे बरेचदा मध्यरात्रीनंतर. दुसऱ्या दिवशी प्रॅक्टिकल असलं की संपलं. ही चूक त्यांनाही कळली. २३ डिसेंबर २०१७ चा क्लासिको त्यांनी मुद्दाम तिकडच्या दुपारी एक वाजता ठेवला, आशियातल्या प्रेक्षकांसाठी. तोवर आपल्याकडची एक पिढी टीम निवडून बसली होती.

शिवाय भाषा. इंग्लिश कॉमेंट्री, इंग्लिश मुलाखती, इंग्लिश मीम्स. वेगळं काही शिकावं लागत नाही. वर फँटसी प्रीमियर लीग, जी जगभरात एक कोटीहून जास्त लोक खेळतात. त्यात पॉइंट हवेत म्हणून बोर्नमथचा डिफेंडर जखमी झाला तरी आमच्या मेसमध्ये हळहळ!

मग आपलं काय?

मी मूळची कोल्हापूरची. आमच्याकडे शाहू स्टेडियमवर पेठांचे संघ भिडतात तेव्हा घराघरात दोन तट पडतात. माझा आतेभाऊ तिथे एका तालमीकडून खेळतो. वय एकोणीस, अंगात आर्सेनलची जर्सी, स्वप्न आयएसएलचं. कोल्हापूरचाच अनिकेत जाधव २०१७ चा १७ वर्षांखालील वर्ल्ड कप खेळला, तेव्हापासून हे स्वप्न पेठेतल्या बऱ्याच पोरांना पडतं.

पण जुलै २०२५ मध्ये आयएसएलचा पुढचा हंगाम थांबवला गेला, कारण फेडरेशन आणि आयोजक कंपनीमधला करार संपत आला होता. काही क्लबांनी पगारही थांबवले. त्या दिवसांत मी घरी गेले होते. भाऊ म्हणाला, “ताई, आर्सेनलची मॅच मे महिन्यात कुणाशी हाय ते मला आत्ता म्हाईत हाय. आपली लीग हाय का न्हाई, तेवढंच कुणाला सांगता येईना झालंय.”

मला वाटतं, सगळं उत्तर यातच आलं. लोक स्टारपेक्षा सातत्यावर जीव लावतात. आयएसएलच्या पहिल्या वर्षी, २०१४ मध्ये, देल पिएरो, अनेल्का, पिरेस अशी बडी नावं आली होती. पण आपल्या बालेवाडीत खेळणारा एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये बंदच झाला. एव्हर्टन आणि अॅस्टन व्हिला १८८८ च्या पहिल्यावहिल्या लीगमध्ये होते, आजही आहेत. जो क्लब पाच वर्षांत गायब होतो, त्याच्यावर नातवाला प्रेम करायला कसं शिकवणार?

कोल्हापुरात आजोबा, बाप आणि पोरगा एकाच तालमीसाठी ओरडताना मी पाहिलेत. त्यांना कुणी मार्केटिंग केलेलं नाही. म्हणजे वेड आपल्याकडे आहेच. दर शनिवारी ठरलेल्या वेळी मॅच होणार, हा भरवसा तेवढा द्यायचा राहिलाय.

तोपर्यंत मेसमधलं साडेसातचं टेबल बुक आहे. भाऊ सुट्टीत पुण्याला येणार आहे. त्याला मॅच दाखवायला मी नेईनच, पण त्याच्या तालमीचा पुढचा सामना असेल तेव्हा मेसमधल्या चौघांना घेऊन मी कोल्हापूरला जाणार, हेही ठरवलंय.