चार फुटांत आगगाडीचे गाव

खेळण्यातल्या आगगाडीचे कौतुक साधारणपणे आठ दिवस टिकते. पहिल्या संध्याकाळी सारे घर भोवती जमते, वडील मुलापेक्षा जास्त वेळ गाडी चालवतात, आजी चष्मा पुसून पुन्हा पाहते. नवव्या दिवशी खोके कपाटावर जाते. दोष गाडीचा नसतो. ती बिचारी कोठून निघाली आणि कोठे चालली, हेच कोणाला कळत नाही! तिला एक गाव द्या, स्टेशन द्या, फाटकापाशी थांबलेली बैलगाडी द्या. मग पाहा, ती वर्षानुवर्षे कपाटावर जाणार नाही.

गाव उभारायचे म्हटले की मंडळींना वाटते, हा परदेशी आणि खर्चिक शौक. पण ज्या घरात दिवाळीत विटा, पोती आणि चिखल यांतून किल्ला उभा राहतो, अळीव पेरून त्यावर हिरवळ उगवते, त्या घराला हे शास्त्र परके कसे? फरक एवढाच, की किल्ला पंधरा दिवसांत मोडावा लागतो आणि हे गाव टिकते.

कोणते गाव?

दुकानातून आल्प्स पर्वतातले एखादे स्टेशन आणून मांडण्यात मौज आहे. पण आपले पाहिलेले गाव मांडण्यात वेगळेच समाधान आहे. रॉय इंग्लंड नावाचा एक ऑस्ट्रेलियन तरुण १९२५ साली इंग्लंडात आला. ऑक्सफर्डजवळच्या खोऱ्यातली गवती छपरांची जुनी घरे पाडली जात आहेत, बदलली जात आहेत, हे त्याने पाहिले आणि ती घरे पुठ्ठ्यात उभारण्याचा ध्यास घेतला. त्यातून १९५४ साली पेंडन संग्रहालयाची सुरुवात झाली. आगगाडीसह ते सारे खोरे तेथे वस्तुरूपाने अजून उभे आहे. जॉन अ‍ॅहर्न या दुसऱ्या हौशी गृहस्थाने रचलेला ‘मॅडर व्हॅली’ रेल्वेचा देखावाही तेथेच जपून ठेवला आहे. आपल्याकडे पुण्यात कोथरूडला छोट्या आगगाड्यांचे जोशी संग्रहालय आहे. मुलांना एकदा अवश्य न्यावे.

आपल्या घरासाठी मी सुचवीन ती बार्शी लाईट रेल्वे. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंजिनिअरने आखलेली ही अडीच फुटी रुळांची गाडी १८९७ साली कुर्डुवाडी-बार्शी धावू लागली, १९०६ साली पंढरपूरला पोचली आणि १९२७ साली मिरजेला. वारकऱ्यांच्या किती पिढ्या तिने विठोबाच्या पायाशी नेल्या! आता तो मार्ग ब्रॉडगेज झाला आहे. ती छोटी गाडी ज्यांनी पाहिली, त्यांची संख्या दरवर्षी कमी होत जाणार.

मापाचा हिशेब

हौशी मंडळींचे एक सोयीचे प्रमाण आहे : खऱ्या एका फुटाला साडेतीन मिलिमीटर, म्हणजे सत्त्याऐंशीवा हिस्सा. साडेपाच फुटी स्टेशनमास्तर एकोणीस मिलिमीटरांचा, सात फुटी दार साडेचोवीस मिलिमीटरांचे. अडीच फुटी रूळ झाले पावणेनऊ मिलिमीटर, आणि बाजारात नऊ मिलिमीटरचे तयार रूळ मिळतात! त्या रुळांवर धावणाऱ्या गाड्या मात्र याहून लहान मापाच्या असतात. म्हणून तिचा फक्त चाकांचा सांगाडा घ्यावा आणि वर आपल्या मापाचे पुठ्ठ्याचे डबे चढवावेत. या गाड्या नऊ-दहा इंच त्रिज्येच्या वळणावर वळतात, त्यामुळे चार फूट लांब आणि अडीच फूट रुंद प्लायवूडची फळी पुरते.

याच प्रमाणात एक किलोमीटर म्हणजे साडेअकरा मीटर. तेव्हा सारा मार्ग मांडण्याचा मोह सोडावा. एक स्टेशन, एक फाटक, एक शेत : एवढेच नीट करावे.

जमीन आणि झाडे

प्रत्येक देखाव्यात बोगदा हवाच, असा एक समज आहे. पंढरपूर-बार्शीचा मुलूख सपाट. तेथे बोगदा काढला तर जाणता माणूस हसेल. मग गोल फिरणारी गाडी लपवायची कशी? फळीच्या मधोमध लांबीच्या दिशेने नऊ-दहा इंच उंचीचा पडदा उभा करावा आणि त्यावर आकाश रंगवावे : वर निळे, क्षितिजाकडे फिके. गाडी पडद्यामागे जाते तेव्हा ती पंढरपूरला गेली असे समजायचे! पडद्याची दोन्ही दारे एकीकडे कडुनिंबाने आणि दुसरीकडे मालाच्या गोदामाने झाकावीत.

उंचसखल जमिनीसाठी चुरगळलेले वर्तमानपत्र ठेवून त्यावर खळीत भिजवलेल्या कागदाच्या पट्ट्या दोन-तीन थर चिकटवाव्यात. वाळल्यावर तपकिरी रंग द्यावा आणि काळी माती वस्त्रगाळ करून भुरभुरावी. रुळांमधली खडी म्हणून चाळलेली दगडाची कच घ्यावी. कच पसरावी, मऊ कुंचल्याने सारखी करावी, भांडी धुण्याच्या साबणाचा एक थेंब टाकलेले पाणी वरून फवारावे आणि मग निम्मे पाणी घातलेला फेव्हिकॉल ड्रॉपरने सोडावा. साबणामुळे डिंक आत मुरतो. एरवी त्याचे थेंब वर तरंगतात आणि खडी विस्कटते. सांध्याच्या हलत्या रुळांपाशी डिंक जाऊ देऊ नये. काम चालू असताना विजेचा प्रवाह बंद ठेवावा आणि शेवटी रुळांचे माथे पुसून घ्यावेत.

झाडांना वाळक्या झुडपांच्या बारीक फांद्या आणि सुकलेल्या घोसाळ्याची जाळी. जाळीचे तुकडे डिंकात बुडवून रंगवलेल्या भुश्यात घोळवले की निंब तयार. भुसा मात्र दोन-तीन हिरव्या छटांत रंगवावा. पोपटी रंगाचे झाड फक्त चित्राच्या वहीत असते.

स्टेशनची इमारत

जुन्या लग्नपत्रिका टाकू नका; भिंतींसाठी तो उत्तम पुठ्ठा आहे. आधी खिडक्या-दारे कापून घ्यावीत आणि मगच भिंती जोडाव्यात. आतल्या कोपऱ्यांना काडेपेटीच्या काड्या चिकटवाव्यात. रंग दोन्ही बाजूंनी द्यावा, नाहीतर पुठ्ठा वाकतो. कौलांसाठी चार-पाच मिलिमीटर रुंद कागदी पट्ट्यांना कात्रीने खाचा पाडून त्या खालून वर, एकीवर एक चढवत लावाव्यात. सगळी कौले एका रंगाची करू नयेत; बदललेली दोन-चार नवी दिसली की छपराला वय येते. गोदामाच्या पन्हळी पत्र्यासाठी जाड अ‍ॅल्युमिनियमचा कागद मऊ वहीवर ठेवून, शाई संपलेल्या बॉलपेनाने मिलिमीटरभर अंतरावर रेघा ओढाव्यात. शेवटी पातळ काळपट रंगाचा हात देऊन लगेच पुसावे : वळचणीत काजळी राहते, आणि कालची इमारत पन्नास वर्षांची होते.

आता खरे काम

वरचे सारे कोणालाही जमेल. अवघड आणि घाईचे काम दुसरेच आहे. स्टेशनच्या कोणत्या अंगाला पाण्याची टाकी होती? तिकिटाची खिडकी कोणत्या हाताला? चहावाला कोठे उभा राहायचा? हे पुस्तकात मिळेलच असे नाही. घरातल्या वडीलधाऱ्यांना ठाऊक असते. जुनी स्टेशने पाडून नवी बांधली जात आहेत, आणि आजोबांची आठवणही काही कायमची नाही. तेव्हा या सुटीत नातवाने वही-पेन्सिल घेऊन त्यांच्याजवळ बसावे आणि स्टेशनचा नकाशा काढून घ्यावा. “इथे नव्हे रे, पिंपळ पलीकडे होता!” असे ते म्हणतील. लगेच खोडरबर घ्यावे आणि पिंपळ पलीकडे न्यावा. प्लायवूड, डिंक, भुसा पुढच्या महिन्यातही मिळेल.