सुप्याला कागद का जळाले?

मंडळी, आज आपण दोन प्रकारच्या ‘का’बद्दल बोलू. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जरोखे जाळले. का?

अर्थतज्ज्ञ आधी भाव बघतो. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध झालं. तिकडचा कापूस अडला, इथला भाव चढला, सावकार सढळ हाताने कर्ज देऊ लागले. युद्ध संपलं, भाव उतरला, सावकारांनी हात आखडला. हा नियम दुसऱ्या देशातही लावून बघता येतो.

इतिहासकार म्हणतो, युद्ध संपून दहा वर्षं झाल्यावर दंगा का? आणि कागदांवरच एवढा राग का? मग तो १८५९चा मुदतीचा कायदा काढतो. रोखा तीनच वर्षं चालणार. म्हणून सावकार व्याज मुदलात घालून पुन्हा नवा रोखा लिहून घेई. कोर्टात तोच पुरावा! त्यात १८६७पासून काही तालुक्यांत सारा वाढला.

पण चौकशी आयोगाने दोष सावकारांवर ठेवला, साऱ्यावर नाही. आयोग सरकारी, साराही सरकारचाच. हे तपासायला साऱ्याचे आणि भावांचे आकडे हवेत, म्हणजे पुन्हा अर्थतज्ज्ञाकडे जाणं आलं.

आम्ही तत्त्वज्ञानवाले म्हणतो, एक विचारतो ‘असं केव्हा घडतं?’, दुसरा विचारतो ‘हे तेव्हाच का घडलं?’ एकाच्या उत्तराने दुसऱ्याचा प्रश्न सुटत नाही. १८७९चा कायदा आला तो सावकारीला आवर घालायला. आपण कोणतं कारण धरतो, त्यावर इलाज कुणावर होणार ते ठरतं.