एका देणगीला एक मिस्सा

सकाळी ७

आईचा व्हिडिओ कॉल. वसईत संध्याकाळचे साडेपाच वाजलेले, मागे चहाच्या कपांचा आवाज. तारीख २० जानेवारी २०२१, म्हणजे इथे जो बायडन यांच्या शपथविधीचा दिवस, आणि सेंट सेबॅस्टियनचा सण. साथीच्या रोगात ज्याचा धावा करायचा तो हा संत, त्यामुळे त्या वर्षी त्याला सुट्टी नव्हती.

"तुमचा नवा राष्ट्राध्यक्ष आपल्यातला, कॅथलिक ना गं? मग तुम्ही सगळे खूश असाल," आई म्हणाली.

"निम्मे," मी म्हटलं.

तिला हे कळणं अवघड आहे. आमच्याकडे वसईत मतांचा विषय म्हणजे पाणी, बिल्डर, हरित पट्टा. गर्भपाताविषयी चर्चची शिकवण तिथेही तीच, आणि देशात १९७१ पासून त्याचा कायदाही आहे. पण आमदारकीच्या उमेदवाराला कुणी त्याबद्दल विचारल्याचं मला आठवत नाही. इथे अमेरिकेत १९७३ च्या रो विरुद्ध वेड निकालापासून हाच प्रश्न आधी विचारतात. जॉन केनेडींना १९६० मध्ये विचारलं गेलं की तुम्ही पोपचं ऐकणार का. बायडन यांना त्यांच्याच धर्माची माणसं विचारत होती की तुम्ही पोपचं का ऐकत नाही.

सकाळी ८

जर्सी सिटीतल्या ज्या चर्चच्या ऑफिसात मी काम करते, तिथली रोजची मिस्सा. एक सोडून एक बाक टेप लावून बंद, सगळे मास्कमध्ये.

त्या दिवसाचं शुभवर्तमान मार्कच्या तिसऱ्या अध्यायातलं होतं. शब्बाथाच्या दिवशी वाळलेल्या हाताचा माणूस समोर येतो, आणि येशू टपून बसलेल्यांना विचारतो की या दिवशी जीव वाचवणं कायद्यात बसतं, की जीव घेणं? वाचनांचं हे चक्र कित्येक वर्षांपूर्वीच ठरलेलं असतं, निवडणुकीशी त्याचा संबंध नाही. पण बाहेर पडताना एका आजोबांनी फादरना सांगितलं, "आजचं वाचन अगदी वेळेवर आलं." त्यांच्या डोळ्यांसमोर न जन्मलेली बाळं होती. पाठोपाठ एक बाई तेच म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांसमोर सीमेवर आईबापांपासून तोडलेली पोरं आणि कोविडचे वॉर्ड. फादरनी दोघांनाही "हो ना" म्हटलं. प्रवचनात त्यांनी शपथविधीचा उल्लेखही केला नव्हता.

साडेनऊ

फोन सुरू झाले.

पहिला फोन एका निवृत्त अग्निशमन जवानाचा. शुक्रवारी २२ तारखेची मिस्सा न जन्मलेल्या बाळांसाठी हवी. रो निकालाची ती तारीख अमेरिकन चर्च याच हेतूने प्रार्थनेसाठी पाळतं, त्यामुळे अडचण काहीच नव्हती. वहीत लिहून टाकलं, देणगी १० डॉलर.

वीसेक मिनिटांत एक फिलिपिनो नर्स. त्यांनाही शुक्रवारच हवा होता, नव्या राष्ट्राध्यक्षांसाठी आभाराची मिस्सा म्हणून. म्हणाल्या, "त्याच मिस्सात दोन्ही हेतू घाला की, देवाला काय जड आहे?" देवाला नसेल, धर्मकायद्याला आहे: वेगवेगळ्या देणग्या घेतल्या की मिस्साही वेगवेगळ्या व्हायला हव्यात. त्यांना सोमवार दिला. शुक्रवार आधी कुणी घेतला, हे त्यांनी खोदून खोदून विचारलं. मी सांगितलं नाही. दोघंही रविवारी साडेदहाच्या मिस्साला येतात आणि गेली कित्येक वर्षं एकमेकांच्या मागेपुढे बसतात.

मग एक लांबलचक ईमेल. बायडन यांना ख्रिस्तप्रसाद देऊ नये, असं फादरनी जाहीर करावं. २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये साउथ कॅरोलिनातल्या एका धर्मगुरूंनी त्यांना तो नाकारला होता, त्याचा दाखला. उलट वॉशिंग्टनचे कार्डिनल विल्टन ग्रेगरी यांनी आपण नाकारणार नाही असं आधीच सांगितलेलं, त्याचा निषेध. फादरनी वाचलं आणि उत्तर सांगितलं: "लिही, बायडन आपल्या पॅरिशचे नाहीत." तेवढंच पाठवलं.

एका बाईंना आमच्या कार्डिनलांची तक्रार करायची होती. नेवार्कचे कार्डिनल जोसेफ टोबिन सप्टेंबरमध्ये बोलले होते की माणूस सदसद्विवेकाला धरून बायडन यांना मत देऊ शकतो. त्या म्हणाल्या, हा प्रचार झाला. १९५४ पासून करमाफी असलेल्या संस्थांना उमेदवाराचा प्रचार करायला बंदी आहे, हे बाईंना माझ्यापेक्षा नीट पाठ होतं. मात्र त्यांची पुढची मागणी अशी, की फादरनी रविवारी उलट बाजू मांडावी.

सकाळभर फोन घेऊन माझं एक मत झालं. या लोकांना मार्गदर्शन नको होतं. आपण आधीच ठरवलेलं फादरनी वेदीवरून मोठ्याने म्हणावं, एवढीच त्यांची इच्छा होती.

दुपारी १२

ऑफिसातल्या टीव्हीसमोर फादर, आमचा इक्वेडोरचा सफाईवाला आणि मी. ओडोनोव्हन हे जेझुइट धर्मगुरू सुरुवातीची प्रार्थना म्हणाले. शपथ देणारे सरन्यायाधीश रॉबर्ट्स हेही कॅथलिक. नव्या राष्ट्राध्यक्षांनी भाषणात संत ऑगस्टीनचा आधार घेतला, कोविडने गेलेल्या चार लाख लोकांसाठी सगळ्यांना मूक प्रार्थना करायला लावली. सकाळी सेंट मॅथ्यू कॅथेड्रलमधल्या मिस्साला ते दोन्ही पक्षांच्या नेत्यांना बरोबर घेऊन गेले होते.

सफाईवाल्याने डबा उघडता उघडता सांगितलं की गर्भपात त्याला पाप वाटतो, मोठं पाप, आणि मत त्याने बायडन यांनाच दिलं. त्याच्या भावाचे कागद नाहीत. "माझा भाऊ जन्मलेला आहे," तो म्हणाला. देशभरात साधारण हेच चित्र होतं: कॅथलिक मतं जवळजवळ निम्मी-निम्मी, गोऱ्यांचा कल ट्रम्पकडे, लॅटिनोंचा बायडनकडे.

माझं विचाराल तर मीही त्याच्याच रांगेत. चर्च म्हणतं ते मला पटतं, आणि पोस्टाने आलेल्या मतपत्रिकेवर मी बायडन यांचंच नाव भरलं. पण २०१९ च्या जूनपर्यंत गर्भपातासाठी केंद्राचा पैसा नको म्हणणारा हा माणूस उमेदवारीच्या शर्यतीत अचानक फिरला, ते मला आजही खटकतं. शिकवण मान्य पण कायदा लादणार नाही, ही एक भूमिका झाली. तिच्याशी वाद घालता येतो. तिकिटासाठी बदललेल्या भूमिकेशी काय वाद घालणार?

दुपारी अडीच

बिशप परिषदेचे अध्यक्ष, लॉस एंजेलिसचे आर्चबिशप होजे गोमेझ यांचं निवेदन आलं. लांब आणि विचारपूर्वक लिहिलेलं. राष्ट्राध्यक्षांसाठी प्रार्थना, त्यांच्या श्रद्धेचं कौतुक आणि मग थेट इशारा: त्यांची काही धोरणं नैतिक दुष्टतेला पुढे नेतील. गर्भपात हा बिशपांचा अग्रक्रमाचा विषय, पण एकमेव नव्हे, हेही त्यात होतं. ते वाक्य कुणी फोनवर वाचून दाखवलं नाही.

पुढे शिकागोच्या कार्डिनल कुपिच यांनी ट्विटरवर या निवेदनाला अविचारी ठरवलं. म्हणाले, ते अनेक बिशपांना काही तास आधी मिळालं. आता आमच्या फोनवरच्या दोन्ही बाजूंना आपापला बिशप मिळाला. एकाच दिवसात बिशप उघड भांडले तर बाकांवरच्या माणसांनी एकमतात राहावं, ही अपेक्षा कुणी करायची?

दुपारी ४

रविवारचं पत्रक छापायला पाठवायची वेळ. अडकलो ते श्रद्धावंतांच्या प्रार्थनांवर. "आमचे राष्ट्राध्यक्ष जोसेफ" असं लिहायचं का? मी मागच्या काही वर्षांच्या फायली उघडल्या. ट्रम्प यांचं नाव कुठेच नव्हतं, त्याआधी ओबामांचंही नव्हतं. सगळीकडे "देशाचे नेते". मग तसंच ठेवलं. त्याखाली फादरनी स्वतःच्या हाताने भर घातली: न जन्मलेल्यांसाठी, आणि अडचणीत दिवस राहिलेल्या स्त्रियांसाठी. "दुसरी ओळ काढू नकोस," म्हणाले. मी काढणार नव्हतेच.

संध्याकाळी ७

झूमवर जीवनरक्षा समितीची बैठक. दरवर्षी जानेवारीत वॉशिंग्टनच्या मोर्च्याला आमची बस जाते. त्या वर्षी मोर्चा ऑनलाइन, त्यामुळे बसचा विषय दोन मिनिटांत संपला. मग गोमेझ विरुद्ध कुपिच, पाऊण तास. सकाळचे निवृत्त जवान तावातावाने बोलत होते, फिलिपिनो नर्सबाई माइक बंद ठेवून मान हलवत होत्या. त्याही याच समितीत आहेत, हे मी सांगायचं राहिलं.

शेवटी कुणीतरी दुधाच्या बाटल्यांचा विषय काढला. दरवर्षी बाळाच्या रिकाम्या बाटल्या घरोघरी देतो, लोक त्यांत सुटे पैसे भरून आणतात, ते गरोदर मुलींना मदत करणाऱ्या केंद्राला जातात. कोविडमध्ये बाटल्या हाताळायच्या कशा? नर्सबाईंनी माइक चालू केला आणि निर्जंतुक करायची पद्धत सांगितली. सुटे पैसे मोजायला माणूस हवा होता. जवान म्हणाले, मी येतो, पण सोमवारी.

सोमवारी सकाळी माझी मिस्सा आहे, नर्सबाई म्हणाल्या, त्यानंतर चालेल.

"कसली मिस्सा?" जवानांनी विचारलं.

बाईंनी सांगितलं. थोडा वेळ कुणाचाच माइक वाजला नाही. मग जवानांनी विचारलं, मोजायला पार्किंगच्या बाजूने यायचं की मागच्या दाराने.