मुद्दल न मोडणारं रान

महाडहून रायगडाकडे जाताना वाटेत नाते लागतं. चिंतामणराव देशमुखांचं हे जन्मगाव. जन्मतारीख 14 जानेवारी 1896. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, मुंबईच्या प्रश्नावर राजीनामा देणारे अर्थमंत्री, ही त्यांची ओळख शाळेच्या पुस्तकातही असते. पण केंब्रिजला ते शिकले निसर्गविज्ञान, आणि 1917 साली तिथे वनस्पतिशास्त्राचं फ्रँक स्मार्ट पारितोषिक त्यांना मिळालं, हे फारसं कुणी सांगत नाही. त्याआधी 1912 च्या मॅट्रिकला ते मुंबई विद्यापीठात पहिले आले आणि जगन्नाथ शंकरशेट यांच्या नावाची संस्कृत शिष्यवृत्ती त्यांनी पटकावली. नाना शंकरशेट 1865 मध्येच गेले होते. गेलेल्या माणसाच्या नावाने ठेवलेल्या निधीचं व्याज सत्तेचाळीस वर्षांनी नात्याच्या मुलाच्या पदरात पडलं, कारण मुद्दलाला कुणी हात लावला नव्हता.

जंगलाच्या शास्त्राचा पायाही हाच. रान वर्षाला जितकं वाढतं तितकंच तोडावं. वाढ खावी, मूळ साठा राखावा. 1713 साली सॅक्सनीतल्या खाणींचा कारभार पाहणाऱ्या कार्लोविट्झने हा विचार पुस्तकात मांडला. जवळपास त्याच सुमारास रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमाराच्या लाकडाविषयी ताकीद आली: सागासारखी मोठी झाडं परवानगी घेऊनच तोडावीत, रयतेच्या आंब्या-फणसांना तिच्या राजीखुशीशिवाय हात लावू नये, कारण असं झाड वर्षा-दोन वर्षांत उभं राहत नाही. रायगडाच्या राज्यात वाढलेल्या अमात्यांना हे वेगळं शिकवावं लागलं नव्हतं.

आज महाड-पोलादपूरच्या डोंगरात काय दिसतं? बरीचशी रानं मालकीची, सातबाऱ्यावर भावकीतली दहा-पंधरा नावं, त्यातली निम्मी माणसं मुंबईत. ऐन, किंजळ, जांभूळ, खैर, हिरडा, बेहडा ही इथली झाडं. भाताच्या रोपांसाठी राब भाजायचा तर ऐनाच्या फांद्या उतरवतात, खोड उभं ठेवतात. पुढच्या पावसाळ्यात ते पुन्हा फुटतं. काही वर्षांनी रान व्यापाऱ्याला तोडीला जातं, लाकूड भट्टीला आणि जळणाला. तोडीसाठी 1964 चा वृक्षतोड कायदा आहे, अनुसूचित झाडांची यादी आहे, परवानगी आहे. पण किती वर्षांनी तोड घेतली तर हे रान खरोखर भरून येतं, याचं या डोंगरापुरतं, मोजून काढलेलं उत्तर परवानगीच्या कागदात नसतं.

22 जुलै 2021 ला महाड तालुक्यातलं तळिये दरडीखाली गेलं; ऐंशीहून अधिक माणसं गेली. त्याच पावसात पोलादपूर तालुक्यातही दरडी आल्या. प्रत्येक दरडीचा दोष तोडीवर ढकलणं खरं नाही. पाऊस, खडक, उतार, मातीचा थर सगळ्यांचा त्यात हिशेब असतो. पण एवढं शास्त्राला माहीत आहे की झाड मेलं तरी मुळं लगेच सुटत नाहीत. ती काही वर्षांत कुजतात आणि मातीवरची पकड हळूहळू जाते. ऐनाचा खुंट जिवंत राहिला तर मूळही जिवंत राहतं; जेसीबीने खुंटासकट उपटलं तर तो आधारच संपतो. हा फरक आकड्यांत मांडायचा तर एकाच उतारावर वीस-तीस वर्षं माणूस जात राहिला पाहिजे.

हे मोजमाप दिसायला अगदी साधं असतं. रानाचा एक तुकडा आखून घ्यायचा. प्रत्येक झाडाला नंबराचा पत्रा ठोकायचा. जमिनीपासून 1.37 मीटरवर, म्हणजे साधारण छातीच्या उंचीला, रंगाचा पट्टा ओढायचा आणि तिथेच टेप गुंडाळून घेर लिहायचा. उतारावर उंची धरायची ती वरच्या अंगाने. पुढच्या वेळी दुसरा विद्यार्थी येईल, तोही त्याच पट्ट्यावर टेप लावेल. एक वर्षाचा आकडा जवळजवळ निरुपयोगी. तीस वर्षांचे आकडे अनमोल. आणि घोडं अडतं ते इथेच. संशोधनाचा प्रकल्प साधारण तीन वर्षांचा, पीएच.डी. चार-पाच वर्षांची, आणि ऐनाला पुरतं मोठं व्हायला माणसाची एक पिढी लागते.

इतकी वाट पाहणारा पैसा आपल्याकडे कधी होता का? होता, आणि त्याचा धागा थेट रायगड जिल्ह्यात येतो. 1913 साली कलकत्त्याचे वकील रासबिहारी घोष यांनी तिथल्या विद्यापीठाला दहा लाख रुपये दिले. त्या व्याजातून विज्ञानाची अध्यासनं उभी राहिली. त्यातलं एक वनस्पतिशास्त्राचं. त्यावर बसले शंकर पुरुषोत्तम आघारकर. मुंबईत शिकवत असताना सह्याद्रीच्या नद्यांत त्यांना गोड्या पाण्यातला जेलीफिश सापडला होता. घोष निधीतूनच ते जर्मनीला गेले, पहिल्या महायुद्धात तिथे स्थानबद्धही झाले. निवृत्तीनंतर 1946 मध्ये पुण्यात महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीची संशोधन संस्था सुरू झाली, तिचे ते संस्थापक संचालक. 1992 पासून ती त्यांच्याच नावाने ओळखली जाते.

याच संस्थेतले डॉ. वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ 1970 च्या दशकात देवरायांच्या शोधात पुणे आणि त्या वेळच्या कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यात हिंडले. श्रीवर्धन तालुक्यातल्या गाणी गावाच्या राईत झाडं तोडायच्या खुणा पडल्या, तेव्हा गावकऱ्यांनी मदत मागितली ती या वनस्पतिशास्त्रज्ञांकडे. लोकांचं म्हणणं देवापुरतं नव्हतं: राई गेली की गावाचं पाणी जाईल. ती तोड टळली. 1975 आणि 1976 मध्ये वर्तक-गाडगीळांचे देवरायांवरचे लेख प्रसिद्ध झाले आणि कोकणातल्या भुताखेतांच्या रानांना जगाच्या शास्त्रात जागा मिळाली. घोषबाबूंनी पैसे दिले तेव्हा गाणी गावाचं नावही ऐकलं नसेल. मुद्दल ठेवणाऱ्याला हे ठाऊक असण्याची गरजही नसते.

देवराई हीसुद्धा अशीच ठेव. मालक देव, विश्वस्त गाव. वाळकं लाकूड न्यायचं तरी विचारून, देवळाचं काम असेल तर कौल लावून. या व्यवस्थेला भीतीचा आधार होता, आणि भीती ओसरली तसे पुष्कळ ठिकाणी करवतीचे आवाज आले. तिथे आता दुसरा आधार हवा.

तो दोन बाजूंनी उभा राहतो आहे. एक विद्यापीठाचा. दापोलीचं कोकण कृषी विद्यापीठ 18 मे 1972 ला स्थापन झालं. 1980 च्या दशकात देशातल्या कृषी विद्यापीठांत वनशास्त्राची पदवी आली आणि दापोलीलाही ती सुरू झाली. तोवर जंगलाचं शिक्षण म्हणजे प्रामुख्याने डेहराडून, तेही मुख्यतः सरकारी अधिकारी घडवण्यासाठी. दापोलीत शेतकऱ्याचा मुलगा किंवा मुलगी रोपवाटिका, लाकूड, बांबू, बांधावरची झाडं शिकते, आणि तिच्या घरचं रान मालकीचं असण्याची शक्यता बरीच.

दुसरा आधार संस्थांचा. 1994 मध्ये पुण्यात सुरू झालेली अप्लाइड एन्व्हायर्नमेंटल रिसर्च फाउंडेशन ही संस्था रत्नागिरी जिल्ह्यात संगमेश्वरच्या बाजूला काम करते. रानमालकांशी ती करार करते: इतकी वर्षं रान तोडीला द्यायचं नाही, त्याचा मोबदला घ्या. बेहड्याचं लाकूड हलकं, तोडीला फारसा भाव नाही. पण जुन्या बेहड्याच्या ढोलीत धनेश घरटं करतो आणि त्याचं फळ औषधाला जातं. झाड न तोडता, पाखरांसाठी आणि बियांसाठी वाटा सोडून गोळा केलेल्या हिरडा-बेहड्याला फेअरवाइल्ड हे आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळतं, आणि परदेशी गिऱ्हाईक त्यासाठी जास्त पैसे मोजतं. उभ्या झाडाचं उत्पन्न हातात आलं की मालकाला तोडीची घाई उरत नाही.

मग महाडला अडचण काय? पैसा तर दारात आहे. महाडच्या औद्योगिक वसाहतीत रसायनांचे कारखाने आहेत. 2013 च्या कंपनी कायद्याने ठरावीक नफ्यापलीकडच्या कंपन्यांना सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम सामाजिक कामाला द्यावी लागते. त्यातून रोपं लागतात, फलक लागतात, फोटो निघतात. पण 2021 च्या नियमांनंतर हा पैसा कुठल्याही संस्थेच्या कायम निधीत टाकता येत नाही, आणि चालू प्रकल्पालाही सुरुवातीचं वर्ष सोडून तीन वर्षांचीच मुदत. पैसा अडकून पडू नये, हा हेतू योग्यच. पण त्याच नियमामुळे कारखान्याचा रुपया ऐनाच्या वेगाने चालू शकत नाही. त्याला रोप लावता येतं, झाडाचा पाठपुरावा करता येत नाही.

तेव्हा मुद्दल यायला हवं ते व्यक्तींकडून आणि धर्मादाय विश्वस्त निधींकडून. महाड-पोलादपूरच्या जवळपास प्रत्येक गावाचं मुंबईत मंडळ आहे. चाकरमानी वर्गणी काढतात, देवळाचा जीर्णोद्धार होतो, कळस चढतो. कधी त्याच खर्चासाठी राईतली झाडं विकली जातात. ही मंडळं हिशेबाला चोख असतात, पावती फाडल्याशिवाय रुपया घेत नाहीत. त्यांनी वर्गणीतला एक हिस्सा बँकेत कायम ठेव म्हणून ठेवला आणि त्याच्या व्याजावर दापोलीच्या एका विद्यार्थ्याचा दरवर्षीचा एसटीचा, राहण्याचा, टेपचा आणि रंगाचा खर्च भागवला, तर गावच्या रानाची नोंदवही सुरू होईल. अट एकच घालावी: मोजणी चुकवायची नाही आणि मुद्दल मोडायचं नाही.