स्मृतिभ्रंशाचा रुग्ण आणि निवासी शुश्रूषागृहाची परीक्षा

वैद्याच्या स्वतःच्या घरी दीर्घकालीन रुग्ण असणे ही त्या वैद्याची खरी परीक्षा होय. गेली सहा वर्षे ती परीक्षा आम्ही देत आहोत. आमच्या थोरल्या आत्याबाई निवृत्त प्राथमिक शिक्षिका. आमच्या मातोश्री लवकर निवर्तल्या, तेव्हा आत्याबाईंनीच आम्हांस वाढविले. वयाच्या पंचाहत्तरीनंतर त्या एकच प्रश्न वारंवार विचारू लागल्या, शेगडीवर दूध ठेवून विसरू लागल्या आणि पुढे दररोज सायंकाळी 'शाळेला कुलूप लावायचे राहिले' म्हणून घराबाहेर पडू लागल्या. आम्ही उभयता वैद्यकी करतो. चार वर्षे त्यांना घरीच सांभाळले. एका पहाटे त्या अंगणात पडलेल्या आढळल्या आणि निवासी शुश्रूषागृहाचा विचार करणे प्राप्त झाले. त्या शोधात जे शिकलो, ते व्यवसायबंधूंच्या उपयोगी पडेल या हेतूने येथे मांडत आहोत.

वार्धक्य आणि व्याधी

जरा ही सुश्रुताचार्यांनी स्वभावबलप्रवृत्त व्याधींत गणलेली आहे. त्यामुळे 'वयोमानाने असे व्हायचेच' असे सांगून आपण पुष्कळदा रुग्णाच्या आप्तांची बोळवण करतो. ही चूक आहे. नाव चटकन न आठवणे वेगळे आणि स्वतःच्या घरात वाट चुकणे वेगळे. चरकाचार्यांनी प्रज्ञापराधाच्या विवेचनात धी, धृति आणि स्मृति या तिहींच्या भ्रंशाचा एकत्र विचार केला आहे. या रुग्णांत या तिन्ही गोष्टी क्रमाने ढासळताना दिसतात. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका देशव्यापी अभ्यासानुसार भारतात साठ वर्षांवरील सुमारे ७.४ टक्के व्यक्तींना, म्हणजे अंदाजे ८८ लाखांना, हा विकार आहे. यांपैकी कोणी ना कोणी आपल्या चिकित्सालयात येणारच.

शुश्रूषागृहाचा विचार करण्यापूर्वी निदान पक्के असावे. जीवनसत्त्व ब-१२ ची न्यूनता, थायरॉईडची मंदता, डोक्यास मार लागून कवटीत साकळलेले रक्त, तीव्र विषाद ही कारणे शोधल्यास काही रुग्णांत सुधारणा होऊ शकते. अचानक वाढलेल्या भ्रमामागे मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग अथवा मलावष्टंभ असू शकतो. धत्तूर, पारसिक यवानी यांसारखी द्रव्ये असलेले कल्प अशा रुग्णांत भ्रम वाढवितात, हेही ध्यानात ठेवावे. ब्राह्मी, शंखपुष्पी इत्यादी मेध्य द्रव्यांनी हा विकार उलटतो असे आश्वासन कोणासही देऊ नये. आम्ही ते आश्वासन स्वतःलाच दिले होते आणि घृताची मात्रा मोजण्यात जी काळजी घेतली, ती रात्रीच्या जागरणाची पाळी लावण्यात घेतली नाही.

पहिली भेट आणि आमची फसगत

पहिल्या संस्थेने आमचे मन तत्काळ जिंकले. प्रवेशद्वारी धन्वंतरीची मूर्ती, आत शिरोधारेचा कक्ष, माहितीपत्रकात दिनचर्या आणि ऋतुचर्या यांचा उल्लेख. सकाळी अकरा वाजता ठरवून गेलो होतो. व्यवस्थापकांनी सर्व दाखविले आणि आम्ही अनामत रक्कम भरण्याच्या बेतात होतो. छत्री विसरली म्हणून सायंकाळी साडेपाचला परत गेलो. दिवाणखान्यात सात वृद्ध भिंतीलगत खुर्च्यांत बसविलेले होते, प्रत्येकाच्या कमरेला ओढणी बांधून ती खुर्चीला मागे गाठ मारलेली. दूरदर्शन संच मोठ्याने चालू होता. एक आजी 'सोडा गं' असे सारखे म्हणत होत्या. संपूर्ण दालनात परिचारिका एकच. विचारले असता उत्तर मिळाले, "पडू नयेत म्हणून बांधतो."

वस्तुतः बांधून ठेवल्याने क्षोभ वाढतो, स्नायू क्षीण होतात, शय्याव्रण होतात आणि सुटण्याच्या धडपडीत इजाही होते. परतताना आम्हांस लाज वाटली ती याची, की आपल्याच शास्त्राच्या सजावटीला आम्ही भुललो होतो. शिरोधारेचे पात्र पाहिले आणि परिचारक किती आहेत हे विचारलेच नाही.

चतुष्पादातील तिसरा पाद

त्या रात्री आम्ही चरकसंहितेचे सूत्रस्थान पुन्हा काढले. चिकित्सेच्या चतुष्पादात वैद्य व औषध यांच्या जोडीने परिचारकाला स्थान आहे आणि त्याचे चार गुण सांगितले आहेत: उपचारज्ञता, दाक्ष्य, अनुराग आणि शौच. पुढे उपकल्पनीय अध्यायात रुग्णगृह कसे असावे याचे वर्णन येते. तेथे वारा, धूर, ऊन, धूळ यांचा विचार आहे, स्नानगृह, शौचकूप व पाकगृह यांची सोय आहे आणि गाणारे, गोष्टी सांगणारे, रुग्णाच्या मनातले ओळखणारे सेवकही आहेत. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णासाठी याहून चांगली तपासणीसूची आम्हांस सुचली नाही. ज्या व्याधीत औषधाचा पाद दुबळा, तेथे परिचारकाच्या पादावरच सारा भार येतो. पुढील संस्था आम्ही याच चार गुणांनी पारखल्या.

उपचारज्ञता : रुग्ण जेवण नाकारतो तेव्हा काय करता, असे थेट विचारावे. 'भरवतो' एवढेच उत्तर पुरेसे नाही. दात, मुखपाक, गिळण्याचा त्रास, मलावष्टंभ यांचा विचार होतो का ते पाहावे. गिळताना ठसका लागणाऱ्यास ताठ बसवून, योग्य घट्टपणाचे अन्न सावकाश देतात काय? प्रतिमास वजनाची नोंद ठेवतात काय? खिळलेल्या रुग्णाची कूस नियमाने बदलतात काय?

दाक्ष्य : रात्री किती परिचारक जागे असतात हा प्रश्न अवश्य विचारावा. दिवसाच्या संख्येवरून काहीच कळत नाही. पडण्याच्या घटनांची नोंदवही दाखविण्यास सांगावे. 'आमच्याकडे कोणी पडतच नाही' असे म्हणणाऱ्या संस्थेत एक तर नोंद होत नाही, नाही तर रुग्णांना चालू दिले जात नाही. क्षोभासाठी कोणती औषधे, कोणाच्या आज्ञेने देतात व ती कधी थांबवितात, हेही विचारावे. मनोविकारांवरील काही औषधांनी या वृद्ध रुग्णांत मृत्यूचा धोका वाढतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००५ साली दिला आहे. झोपाळलेला रुग्ण म्हणजे शांत रुग्ण नव्हे.

अनुराग : हा गुण माहितीपत्रकात सापडत नाही. त्यासाठी सायंकाळी, पूर्वसूचना न देता जावे. सूर्यास्ताच्या सुमारास अनेक रुग्णांची अस्वस्थता वाढते आणि तेव्हाच परिचारकांचा खरा स्वभाव दिसतो. ते रुग्णाशी बोलतात की त्याच्या डोक्यावरून आपसांत बोलतात? त्याची भाषा त्यांना येते काय? नंतर शिकलेल्या भाषा बहुधा आधी लोपतात आणि मातृभाषा उरते. आत्याबाईंना शेवटी मराठीच कळणार होती.

शौच : नाकाने परीक्षा करावी. लघवीचा दर्प येऊ नये, तसाच जंतुनाशकाचा उग्र वासही सतत येऊ नये. शौचालय खोलीतून सहज दिसणारे असावे, फरशी चकचकीत नसावी. रुग्णांची नखे, तोंड, टाचा पाहाव्यात. कपडे ज्याचे त्यालाच मिळतात काय, ही बाब किरकोळ वाटली तरी प्रतिष्ठेची आहे.

दुसरी आणि तिसरी संस्था

दुसरी संस्था स्वच्छ होती, माणसे मायाळू होती, परंतु रुग्ण अंथरुणाला खिळल्यास ठेवून घेत नाही असे त्यांनी स्पष्ट सांगितले. त्यांच्या प्रामाणिकपणाबद्दल आम्ही आभार मानले. अखेरच्या टप्प्यात काय, रुग्णालयात न्यावे लागल्यास सोबत कोण, खर्च कोणाचा, अनामत परत केव्हा मिळते, याची उत्तरे लेखी घ्यावीत.

तिसरी संस्था एका जुन्या बंगल्यात होती. निवासी चौदा. आयुर्वेदाचे तेथे नावही नव्हते. आम्ही सायंकाळी गेलो तेव्हा एक आजोबा 'गाडी चुकेल' म्हणत फाटकाशी उभे होते. परिचारिकेने त्यांना ओढले नाही. "कुठल्या गाडीनं निघालात, आजोबा?" असे विचारीत ती त्यांच्यासोबत अंगणात दोन फेऱ्या फिरली आणि बोलत बोलत त्यांना ताटावर घेऊन आली. आमचा निर्णय तेथेच झाला. अभ्यंगासाठी आम्ही दिलेले तेल वापरण्यास त्यांची हरकत नव्हती.

ठेवल्यानंतर

सोबत आम्ही एक पानी टिपण दिले. हाक 'बाई' अशी मारावी, चहा बशीतून लागतो, पाठीमागून स्पर्श केल्यास त्या दचकतात, सायंकाळी शाळेचा विषय निघतो. अशी माहिती कोणत्याही तपासण्यांच्या अहवालात नसते.

रुग्ण तेथे ठेवला म्हणजे दायित्व संपले, असे नाही. पहिल्या महिन्यात आत्याबाईंचे वजन दोन किलोंनी घटले. नोंदवही पाहिल्यामुळे ते कळले. शोध घेता जेवणाच्या वेळी कवळी बसविली जात नव्हती असे आढळले. तक्रारीच्या स्वरात न बोलता सांगितले, दुरुस्ती झाली. म्हणून वारंवार जावे आणि वेळा बदलून जावे.

'मला कुठे ठेवू नका रे' असे आत्याबाई एकदा म्हणाल्या होत्या आणि आम्ही होकार दिला होता. तो होकार आम्ही पाळला नाही. याचे शल्य आहे व राहील. तथापि घरी ठेवण्याच्या अट्टहासापायी त्या पहाटे किती वेळ त्या थंड फरशीवर पडून होत्या, हे आम्हांस आजही ठाऊक नाही. आता त्या आम्हांला ओळखत नाहीत. हात धरला तर मात्र सोडत नाहीत.

आप्तजन आपल्याकडे येऊन संकोचाने विचारतात, "वैद्यराज, आईला ठेवावे का कुठे?" त्यांना कर्तव्याचा उपदेश करण्यापूर्वी रात्री घरी कोण जागते एवढे विचारावे. घरी शक्य असेल तेथे घर उत्तमच. शक्य नसेल तेथे त्यांच्यासोबत एका सायंकाळी जाऊन ती जागा पाहून यावी. वैद्याची नजर तेथे उपयोगी पडते, हे आम्ही अनुभवाने सांगतो.